शिक्का आहे, पण नंबर कुठाय?

दोस्तांनो, आधी एक खराखुरा प्रसंग सांगतो. मग आपण त्याच्यामागचं शास्त्र आणि कायदा दोन्ही बघू.

मागच्या पावसाळ्यात मी डोंबिवलीला ताईकडे मुक्कामाला होतो. भाचीची सकाळची शाळा. रात्रभर पंख्याखाली टाकूनही तिचा युनिफॉर्म काही वाळला नव्हता. ताईने घाईघाईने इस्त्री लावली. पलंगाजवळ प्लग नाही, म्हणून आठवड्यापूर्वीच स्टेशनबाहेरून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड जोडला. दहाएक मिनिटं झाली असतील, तोच जळका वास यायला लागला. बघतो तर काय, बोर्डाचं पांढरं प्लास्टिक भोकांभोवती पिवळं पडून चक्क मऊ झालेलं! भावोजींनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. कुणाला काही इजा झाली नाही, हे नशीबच.

युनिफॉर्म ओलाच राहिला. भाची त्या दिवशी रंगीत फ्रॉक घालून शाळेत गेली आणि बाईंची बोलणी खाऊन आली. संध्याकाळी ती बोर्ड उलटासुलटा करून बघत बसली होती. ताई म्हणत होती, "अगं, मी काय डोळे मिटून आणला का? त्याच्यावर आयएसआयचा शिक्का आहे, तो बघूनच घेतला!"

भाचीने इस्त्री आणली, स्वयंपाकघरातला कुकर आणला. तिन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला म्हणाली, "मामा, शिक्का तिन्हींवर आहे. पण या दोघांवर शिक्क्याच्या वर आणि खाली नंबर आहेत. बोर्डावर नुसताच शिक्का. नंबर कुठाय?"

सातवीतल्या मुलीचा हा प्रश्न भल्याभल्या मोठ्या माणसांना सुचत नाही. तो तुम्हाला सुचावा म्हणूनच हा लेख.

चूक इस्त्रीची की बोर्डाची?

आधी गणित करू. इस्त्रीवर लिहिलं होतं १००० वॅट. आपल्या घरातला वीजपुरवठा साधारण २३० व्होल्टचा. वॅटला व्होल्टने भागलं की किती अँपिअर प्रवाह वाहतो ते कळतं. १००० भागिले २३० म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर. आणि बोर्डावर छापलं होतं ६ अँपिअर. म्हणजे बोर्डाला हे ओझं सहज पेलायला हवं होतं. इस्त्री निर्दोष सुटली!

मग बोर्डात होतं काय? भावोजींनी स्क्रू काढून तो उघडला. (हे काम मोठ्यांचं. तुम्ही करायचं नाही, आणि मोठ्यांनीसुद्धा प्लग काढल्याशिवाय करायचं नाही.) आत ज्या पट्ट्यांमध्ये प्लगच्या पिना घट्ट बसतात, त्या पितळेच्या असाव्या लागतात. पितळेतून वीज सहज वाहते, आणि पितळ लवचीक असल्याने ते पिनेला धरून ठेवतं. या पट्ट्या पितळेसारख्या पिवळ्या दिसत होत्या खऱ्या. पण भाचीने फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावलं, तर ते टपकन चिकटलं! पितळेला चुंबक चिकटत नाही. म्हणजे तो नुसता लोखंडी पत्रा होता, वरून पिवळा मुलामा दिलेला. शिवाय पातळ आणि सैल. पिना जिथे सैल बसतात तिथे विजेला अडथळा होतो आणि तिथेच उष्णता तयार होते. वायर सोलली तर आत तांब्याच्या तारा मोजून सात-आठ, आणि त्याही केसासारख्या.

आता मला सांगा, दुकानात उभं राहून ताईला हे कसं कळणार? वरून बोर्ड छान गुळगुळीत, चकचकीत. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. गंमत म्हणजे विकणाऱ्यालाही दिसत नाही. दिसतं ते फक्त बनवणाऱ्याला. मग बनवणाऱ्याच्या कारखान्यात जाऊन आपल्या वतीने कुणीतरी आत डोकावून बघितलं पाहिजे, आणि "मी बघितलं आहे" अशी खूण वस्तूवर केली पाहिजे. ही खूण म्हणजेच प्रमाणचिन्ह.

चौकटीतली तीन अक्षरं

चौकटीत बसवलेली आय-एस-आय ही अक्षरं तुम्ही शेकडो वेळा बघितली असतील. ती आहेत 'इंडियन स्टँडर्ड्‌स इन्स्टिट्यूशन' या नावाची आद्याक्षरं. ही संस्था स्थापन झाली ६ जानेवारी १९४७ ला. म्हणजे स्वातंत्र्याच्या सात महिने आधीच! देश स्वतंत्र होणार, कारखाने उभे राहणार, तर खिळ्यापासून पुलापर्यंत प्रत्येक गोष्ट कशी असावी याचे नियम आपले आपण ठरवायला हवेत, हा त्यामागचा विचार होता.

अशा प्रत्येक लेखी नियमाला 'मानक' म्हणतात आणि प्रत्येक मानकाला एक क्रमांक असतो. तुम्हाला काय वाटतं, पहिल्या क्रमांकाचा मान कोणत्या वस्तूला मिळाला असेल? सिमेंट? पोलाद? चक्क नाही! आयएस १ हे मानक आहे आपल्या राष्ट्रध्वजाचं. १९५१ साली ते प्रसिद्ध झालं. झेंड्याची लांबी-रुंदी किती, कापड कसं, रंगाची छटा नेमकी कोणती, हे सगळं त्यात ठरवलेलं आहे. म्हणूनच एका गावातला भगवा एक आणि दुसऱ्या गावातला दुसराच, असं होत नाही.

१९५२ साली प्रमाणचिन्हांचा कायदा झाला आणि वस्तूंवर शिक्का मारण्याची सोय झाली. पुढे १९८६ च्या कायद्याने संस्थेचं रूप बदललं आणि १ एप्रिल १९८७ पासून तिचं नाव झालं भारतीय मानक ब्यूरो, म्हणजेच बीआयएस. संस्थेचं नाव बदललं, पण लोकांच्या ओळखीचा झालेला शिक्का मात्र तसाच ठेवला. आज बीआयएसचं काम चालतं ते २०१६ च्या कायद्याखाली. आपल्या भागाला सगळ्यांत जवळचं त्यांचं मोठं कार्यालय आहे अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत. त्याचं नाव 'मानकालय'.

आता शिक्का नीट वाचू या. त्याचे तीन भाग असतात. मध्ये चौकटीतली अक्षरं. वर मानकाचा क्रमांक. प्रेशर कुकरवर आयएस २३४७ असेल, दुचाकीच्या हेल्मेटवर आयएस ४१५१, घरातल्या पीव्हीसी वायरवर आयएस ६९४. ही वस्तू कोणत्या परीक्षेला बसली ते या क्रमांकावरून कळतं. आणि खाली असतो 'सीएम/एल' अशा अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. तो सांगतो, परीक्षेला कोण बसलं. कोणत्या कारखान्याला हा शिक्का मारायची परवानगी आहे, ते त्यावरून शोधता येतं.

वरचा नंबर म्हणजे विषय आणि खालचा म्हणजे परीक्षा क्रमांक, असं लक्षात ठेवा. दोन्ही नसले तर ते प्रगतिपुस्तक कुणाचं, कसलं?

समजा, कारखाना तुमचा आहे!

आता जरा बाजू बदलू. समजा, तुम्ही मोठे झालात आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत एक गाळा घेऊन वायर बनवायला लागलात. वायर मानकाप्रमाणे असल्याशिवाय आणि तिच्यावर शिक्का असल्याशिवाय ती विकायला कायद्याने परवानगीच नाही. मग तुम्हाला काय काय करावं लागेल?

सगळ्यांत आधी मानक मिळवून वाचायचं. तांब्याची जाडी किती, वरचं आवरण किती, ते ताणलं तर किती ताणावं, तापवलं तर काय व्हावं, सगळं त्यात असतं. मग चाचण्या करायला उपकरणं घ्यायची आणि ती वापरणारा शिकलेला माणूस नेमायचा. मग परवान्यासाठी अर्ज. बीआयएसचे अधिकारी गाळ्यात येऊन यंत्रं बघतात, चाचण्या करून बघतात, आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे पास झालात तर परवाना. त्याची फी असते. छोट्या उद्योगांना तीत सवलत मिळते.

पण एवढ्यावर सुटका नाही बरं का! ही काही दहावीची परीक्षा नाही, एकदा पास झालो की झालं. किती मालामागे कोणती चाचणी करायची हे ठरलेलं असतं, आणि रोजच्या नोंदी वहीत ठेवाव्या लागतात. अधिकारी न सांगता कधीही येऊ शकतात. इतकंच नव्हे, तर ते साध्या गिऱ्हाइकासारखे बाजारातून तुमची वायर विकत घेतात आणि तपासायला पाठवतात. नापास झालात तर "शिक्का मारणं थांबवा" असा आदेश येतो. सुधारला नाहीत तर परवाना रद्द.

तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला? त्यापेक्षा नुसता शिक्का छापला तर? तेच तर तो बोर्ड बनवणाऱ्याने केलं होतं! आणि त्यात नुकसान नुसतं ताईचं झालं का? जरा विचार करा. शेजारच्या गाळ्यातला माणूस खरं तांबं वापरतो, चाचण्यांचा खर्च करतो. साहजिकच त्याचा माल महाग. तुम्ही पत्रा वापरून निम्म्या किमतीत विकता, आणि शिक्का दोघांवर सारखाच दिसतो. मग गिऱ्हाईक कुणाकडे जाईल? खोटा शिक्का गिऱ्हाइकाच्या घरात आग लावू शकतो आणि प्रामाणिक कारखानदाराच्या पोटावर पाय आणतो. म्हणूनच २०१६ च्या कायद्यात हा गुन्हा गंभीर मानला आहे. परवाना सक्तीचा असलेल्या वस्तूवर विनापरवाना शिक्का मारणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्याच गुन्ह्याला निदान दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद त्यात केली गेली.

छोट्या कारखानदारांची एक अडचणही खरी आहे. मोठ्या कंपनीला प्रयोगशाळेचा खर्च जाणवत नाही. चार कामगारांच्या गाळ्याला तो जड जातो. म्हणून सरसकट प्रत्येक वस्तूला शिक्का सक्तीचा नाही. जिथे जिवाला, आरोग्याला धोका आहे किंवा फसवणुकीची भीती आहे, अशा वस्तूंना प्रामुख्याने तो सक्तीचा करतात. बाकीच्या अनेक वस्तूंवर कारखानदार स्वखुशीने घेतात, कारण त्यामुळे गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

झाकणावर दोनशे किलो!

धोका म्हणजे किती, याचं उदाहरण रोज आपल्या स्वयंपाकघरात शिट्ट्या मारत असतं. आपल्या ठाणे शहराचं कुकरशी जवळचं नातं आहे. हॉकिन्स कंपनीचा एक कारखाना ठाण्यातच आहे.

कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणून तर डाळ पटकन शिजते. हा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. "हात्तिच्या, एकच किलो!" असं म्हणू नका. समजा, झाकणाचा व्यास १६ सेंटिमीटर आहे. त्रिज्या ८. तर क्षेत्रफळ ३.१४ गुणिले ८ गुणिले ८, म्हणजे सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे झाकणाला आतून उचलणारं बल झालं दोनशे किलोंचं. सिमेंटची चार पोती!

ही चार पोती अडवून धरतात ते झाकण, भांडं आणि हँडल. शिट्टीतून जादा वाफ बाहेर जाते. शिट्टी चोंदली, तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. त्यातला मिश्रधातू ठरावीक तापमानाला वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. पण तो ठरल्या वेळी वितळलाच नाही तर? म्हणून प्रेशर कुकरला आयएसआय शिक्का १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला.

तरीही काय घडलं पाहा. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आढळलं की ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका मोठ्या कंपनीमार्फत सक्ती झाल्यानंतरही मानकात न बसणारे २,२६५ कुकर विकले गेले. प्राधिकरणाने आदेश दिला: प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या आणि एक लाख रुपये दंड भरा. दुसऱ्या एका ऑनलाइन कंपनीबाबत असाच आदेश निघाला, तो ५९८ कुकरांचा. म्हणजे नकली वस्तू नुसत्या फुटपाथवरच मिळतात असं समजू नका. चकचकीत खोक्यातून घरपोचही येतात!

डोक्यावर आणि हातात

तुमचे बाबा, काका किंवा दादा कल्याण-शीळ रस्त्यावरून दुचाकी चालवत असतील, तर त्यांचं हेल्मेट आजच उलटं करून बघा. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. चाचणीत माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्याला हेल्मेट घालतात, ते उंचावरून लोखंडी ऐरणीवर आपटतात आणि धक्का आत किती पोचला ते मोजतात. पट्टा ताणून बघतात. नुसतं प्लास्टिकचं टोपडं यात कसं टिकणार? ते पोलिसाला फसवू शकेल, रस्त्याला नाही.

आणि हो, तुमच्या खेळण्यांनाही हा नियम आहे! १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून शिक्का सक्तीचा आहे. तान्ह्या भावंडासाठी खेळणं आणाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी एका छोट्या नळीने करतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. खेळण्याचा सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावला तर खेळणं नापास. का? कारण एवढा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. शिवाय कडा धारदार नाहीत ना, रंगात शिशासारखे विषारी धातू नाहीत ना, हेही बघतात.

मग सावंतवाडीसारख्या ठिकाणी हाताने लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांनी काय करायचं? प्रयोगशाळा कुठून आणायची? त्यांची अडचण ओळखून सरकारकडे नोंदणी झालेल्या हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू करणाऱ्या नोंदणीकृत उत्पादकांना या सक्तीतून सूट दिली आहे. तेव्हा त्या लाकडी फळांवर शिक्का दिसला नाही, तर लगेच कारागिराला खोटं ठरवू नका हं!

बाकीची मंडळी

आयएसआयची इतरही भावंडं आहेत. त्यांचीही ओळख करून घेऊ.

दागिन्यावरचा हॉलमार्क: गुढीपाडव्याला आई दागिना घेते तेव्हा सराफाकडचं भिंग मागून घ्या. तीन खुणा दिसल्या पाहिजेत. बीआयएसचं बोधचिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२ कॅरट आणि ९१६) आणि अक्षर-आकड्यांची मिळून सहा ठिकाणांची एक ओळखखूण. ९१६ कशासाठी? शुद्ध सोनं २४ कॅरट. २२ भागिले २४ करा, ०.९१६ येतं. म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. सहा ठिकाणांची खूण प्रत्येक दागिन्याची वेगळी असते. हॉलमार्कची सक्ती असलेल्या दागिन्यांना ती १ एप्रिल २०२३ पासून लागतेच. सोनं कमी भरलं, तर जेवढं कमी त्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई मागता येते.

अ‍ॅगमार्क: तूप, मध, मसाले अशा शेतमालावरची ही खूण. तिचा कायदा १९३७ चा, म्हणजे आयएसआयपेक्षाही जुना. तिची केंद्रीय प्रयोगशाळा आपल्या नागपुरात आहे.

एफएसएसएआय: खाऊच्या पाकिटावर या अक्षरांखाली १४ आकडी क्रमांक असतो. तो खाद्यपदार्थ बनवणाऱ्याचा परवाना किंवा नोंदणी. तो कारखान्याची ओळख सांगतो. वेफर्स रोज खाणं चांगलं, असं मात्र तो सांगत नाही!

आर-क्रमांक: मोबाइलच्या चार्जरवर, पॉवर बँकेवर बीआयएसच्या चिन्हाखाली 'आर' आणि पुढे आठ आकडे असतात. त्यांचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेऊन नोंदणी करावी लागते.

सीई: हीही अक्षरं चार्जरवर दिसतात. ही युरोपातली खूण. "हे म्हणजे 'चायना एक्स्पोर्ट'" असा निरोप मोबाइलवर फिरत असतो, तो खरा नाही. पण एक फरक लक्षात घ्या. सीई ही बऱ्याच वस्तूंवर कारखानदाराने स्वतःच लावलेली असते. "माझा माल युरोपच्या नियमांत बसतो" अशी ती त्याची स्वतःची ग्वाही असते, आणि ती खोटी ठरली तर जबाबदारी त्याची. आयएसआयच्या मागे मात्र बाहेरच्या माणसाची तपासणी असते. आपला पेपर आपण तपासणं आणि दुसऱ्या शाळेच्या बाईंनी तपासणं, एवढा फरक!

शिक्का काय सांगत नाही?

हेही तितकंच महत्त्वाचं आहे. शिक्का म्हणजे ही वस्तू बाजारात सगळ्यांत उत्तम, असं नाही. ती कधीच बिघडणार नाही, असंही नाही. किंमत वाजवी आहे, हे तर तो मुळीच सांगत नाही. तो सांगतो एवढंच की ठरवलेल्या किमान कसोट्यांना ही वस्तू उतरते. आणि चांगल्या वस्तूचा आपण वाईट वापर केला, तर शिक्का काय करणार? ६ अँपिअरच्या अस्सल बोर्डावर १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड लावला तर भागाकार करा: साडेसहा अँपिअर! मग दोष बोर्डाला देता येणार नाही.

काही चलाख मंडळी "आयएसआयप्रमाणे", "आयएसआय दर्जाचा" असंही छापतात. "मी पहिल्या नंबराच्या मुलासारखा हुशार आहे" म्हणण्यासारखंच ते. नंबर विचारा, की बोलती बंद.

पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई, भाची आणि मी तो बोर्ड घेऊन स्टेशनबाहेर गेलो. विक्रेता साधा माणूस होता. म्हणाला, "ताई, मी काय कारखान्यात जाऊन बघतो का? खोकं येतं, मी विकतो. हवं तर दुसरा घ्या." भाचीने दुसरा बोर्ड उलटा केला. तसाच शिक्का, नंबर नाही. तिसराही तसाच. बिल आमच्याकडे नव्हतं, बोर्डावर कारखान्याचं नाव नव्हतं. तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध? नंबर नसण्याचा खरा अर्थ आम्हाला तिथे कळला. नंबर म्हणजे जबाबदार माणसाचा पत्ता.

मग विजेच्या सामानाच्या दुकानातून दुसरा बोर्ड घेतला. दुपटीहून जास्त पैसे पडले. ताईने जरा कुरकुर केली, पण भाचीने काउंटरवरच ताईच्या मोबाइलमधल्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये सीएम/एल क्रमांक घातला. कारखान्याचं नाव, मानक, परवाना चालू आहे की संपला, सगळं समोर आलं. हे करणं जरुरीचं आहे, कारण कुणी दुसऱ्याचा खरा नंबरही चोरून छापू शकतो. अ‍ॅपवरचं नाव आणि खोक्यावरचं नाव जुळलं पाहिजे. दागिन्याची सहा ठिकाणांची खूण आणि आर-क्रमांकही याच अ‍ॅपवर तपासता येतात, खोट्या शिक्क्याची तक्रारही तिथेच करता येते. आम्ही त्या बोर्डाचे फोटो काढून तक्रार नोंदवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

ग्राहकांनी एकत्र यायचं हे आपल्याकडे काही नवीन नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा त्यानंतर, २४ डिसेंबर १९८६ ला आला. म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा झाला. पण कायदा कपाटात असतो; त्याला बाहेर काढतो तो प्रश्न विचारणारा माणूस.

तर मित्रांनो, या रविवारी एक काम करा. वहीचं एक पान घ्या. वस्तू, शिक्का, वरचा नंबर, खालचा नंबर, बिल आहे का, असे पाच रकाने आखा. आई-बाबांना सोबत घ्या आणि कुकर, इस्त्री, हेल्मेट, चार्जर, धाकट्या भावंडाची खेळणी, एकेक करून तपासा. विजेची वस्तू हातात घेण्याआधी तिचा प्लग काढायला विसरू नका. नंबर नसलेली जुनी वस्तू सापडली तर घाबरून जाऊ नका; काही वस्तू सक्ती येण्याआधीच्या असतील. पण वास येत असेल, तापत असेल, झाकण नीट बसत नसेल, तर ती बाजूला ठेवायला सांगा.

आणि पुढच्या वेळी बाजारात आई म्हणाली, "अरे, शिक्का आहे ना, घेऊन टाकू," तर हळूच वस्तू उलटी करा आणि विचारा, "शिक्का आहे गं, पण नंबर कुठाय?"